मस्तानीसाठी रडणारे खर्ड्याच्या वेळी गप्प का?

आपल्या वस्तीतल्या कुठल्याही शिकलेल्या घरात जा. कपाटात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असतो, 'जातिप्रथेचे विध्वंसन' असतं आणि त्याच फळीवर 'स्वामी', 'राऊ', 'मृत्युंजय', 'श्रीमान योगी' यांपैकी एखाद-दुसरी कादंबरीही असते. याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या माणसांनी सगळं वाचलं पाहिजे. पण 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचताना आपण पेन्सिल घेऊन बसतो, ओळीखाली रेघा मारतो, वाद घालतो. 'राऊ' वाचताना मात्र पेन्सिल खाली ठेवतो आणि डोळे पुसतो. या लेखाचा विषय तेवढाच आहे. जे पुस्तक आपल्याला रडवतं, त्यालाही प्रश्न विचारले पाहिजेत.

ना. सं. इनामदार (१९२३–२००२) हे मराठी ऐतिहासिक कादंबरीतलं मोठं नाव. इतिहासात बदनाम किंवा उपेक्षित राहिलेल्या माणसांना कादंबरीतून न्याय द्यायचा, ही त्यांची वाट. 'झेप' (१९६३) त्रिंबकजी डेंगळ्यांवर, म्हणजे आपल्याच संगमनेर तालुक्यातल्या निमगाव जाळीच्या माणसावर. 'झुंज' यशवंतराव होळकरांवर, 'मंत्रावेगळा' दुसऱ्या बाजीरावावर, 'शहेनशहा' औरंगजेबावर. आणि या सगळ्यांत घराघरात पोचलेली कादंबरी म्हणजे 'राऊ' (१९७२), पहिला बाजीराव आणि मस्तानी यांची प्रेमकथा. २०१५ साली संजय लीला भन्साळी यांनी तिच्यावरून 'बाजीराव मस्तानी' काढला आणि ज्यांनी कादंबरी उघडलीही नव्हती त्यांच्याही मोबाइलवर मस्तानी नाचू लागली.

इनामदारांचं श्रेय आधी देऊन टाकू. पुण्याच्या तोंडी परंपरेत मस्तानी म्हणजे नाचणारीण, पेशव्याला नादी लावणारी बाई. इनामदारांनी तिला माणूस केलं. तिचं प्रेम खरं मानलं, तिच्यावरचा अन्याय अन्याय म्हणून लिहिला. ब्राह्मण समाजाचा विरोधही कादंबरी लपवत नाही. त्या काळातल्या मराठी मध्यमवर्गीय वाचकाला हे पचवायला लावणं सोपं नव्हतं.

मग अडचण कुठे आहे?

आधी इतिहास पाहू. १७२९ साली बुंदेलखंडाच्या छत्रसालाला बाजीरावाने मोहम्मदखान बंगशाच्या वेढ्यातून सोडवलं. त्यानंतर मस्तानी पुण्यात आली. १७३४ साली तिला मुलगा झाला. त्याची मुंज होऊ दिली नाही आणि तो शमशेरबहादूर या नावाने मुसलमान म्हणून वाढला. बाजीराव मोहिमेवर असताना नानासाहेब आणि चिमाजीअप्पा यांनी मस्तानीला कैदेत ठेवलं. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव मेला. पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळला आहे. आणि ज्या मुलाला मुंजीच्या बोहल्यावर जागा नव्हती, त्या शमशेरबहादूरला १७६१ साली पानिपतावर मात्र जागा मिळाली. तिथे जखमी होऊन तो पेशव्यांसाठी मेला.

हे शेवटचं वाक्य आपल्याला ओळखीचं वाटतं का? वाटलंच पाहिजे. रणात चालतो, पंगतीत चालत नाही. ११ मार्च १७९५ ला आपल्याच जामखेड तालुक्यात खर्ड्याची लढाई झाली. त्या लढाईतल्या शिदनाक महाराची हकिकत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्याचा तंबू इतरांच्या तंबूंजवळ नको म्हणून तक्रार गेली, तेव्हा हे रणांगण आहे, जेवणाची पंगत नव्हे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. आपण ही हकिकत अभिमानाने सांगतो. पण त्या उत्तराचा दुसरा अर्थही ऐका: पंगत असती तर तक्रार बरोबर ठरली असती! शमशेरबहादूर आणि शिदनाक, एक पेशव्याच्या रक्ताचा आणि दुसरा गावकुसाबाहेरचा. दोघांनाही जातीने तलवारीपुरतंच जवळ केलं.

म्हणजे मस्तानीची गोष्ट ही दोन जिवांच्या दुर्दैवाची गोष्ट नाही. तो जातीच्या नियमाचा अंमल आहे. आणि या नियमाचं शास्त्र एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मांडून ठेवलं होतं. बाबासाहेबांचा 'भारतातील जाती' हा निबंध आठवा. त्यांचं म्हणणं असं, की जातीचं सार म्हणजे सजातीय विवाह. जात टिकवायची तर जातीतल्या लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते. ती जातीबाहेर लग्न करील, किंवा जातीतल्या दुसऱ्या मुलीच्या वाट्याचा नवरा घेईल. म्हणून तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र जाळता येत नाही, तो कामाचा असतो. म्हणून त्याच्यासाठी अजून वयात न आलेली मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही सजातीय विवाह टिकवणारी तीन अवजारं आहेत.

आता ही तीन अवजारं हातात घेऊन मराठीतल्या दुसऱ्या लाडक्या पेशवाई प्रेमकथेकडे या. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ ची. १९६४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे दूरदर्शनवर मालिका झाली आणि माधवराव-रमाबाई हे महाराष्ट्राचं आदर्श जोडपं ठरलं. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयाने गेले, वय सत्तावीस. रमाबाई त्यांच्या चितेवर सती गेल्या आणि कादंबरी तिथेच संपते. लहानपणी लग्न होऊन आलेली मुलगी, शेवटी चितेवर. सासू गोपिकाबाई १७६१ पासून विधवा. बाबासाहेबांनी सांगितलेली तिन्ही अवजारं एकाच वाड्यात चालू आहेत! आणि वाचकाला त्यातलं एकही अवजार म्हणून दिसत नाही. त्याला दिसते ती निष्ठा, पावित्र्य, सात जन्मांची साथ.

बाबासाहेबांनी त्याच निबंधात एक टोकदार निरीक्षण नोंदवलं आहे. या प्रथांचा गौरव का करायचा याचं तत्त्वज्ञान आपल्याकडे भरपूर आहे, पण त्या निर्माण का झाल्या हे मात्र कोणी सांगत नाही. प्रथा आधी येते, तिला साजरं करणारं काव्य मागून येतं. ऐतिहासिक प्रेमकादंबरी हे काम विसाव्या शतकात करते, आणि तेही अत्यंत सुंदर भाषेत. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानातल्या देवराळ्यात रूपकंवर जळाली, तेव्हा देशाला नवा कायदा करून सतीचं उदात्तीकरण गुन्हा ठरवावं लागलं. सतीबंदी होऊन तेव्हा दीडशेहून अधिक वर्षं झाली होती. मग ती चूड कोणी पेटती ठेवली होती? केवळ अडाणी खेडुतांनी?

'स्वामी' आणि 'राऊ' शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे पेच उलगडतो. जातीच्या आतलं प्रेम थेऊरला पोचतं आणि पवित्र होतं. जातीबाहेरचं प्रेम पाबळला पोचतं आणि शोकांतिका होतं. एका ठिकाणी हात जोडायचे, दुसऱ्या ठिकाणी हळहळायचं. दोन्ही ठिकाणी बाई मरते आणि दोन्ही ठिकाणी नियम शाबूत राहतो. वाचक पुस्तक मिटतो, डोळे पुसतो आणि मुलीसाठी जातीतलं स्थळ बघायला निघतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो. "कादंबरी आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? लेखकाने त्या काळाचं चित्र काढलं." ठीक आहे. मग काळाचं पूर्ण चित्र काढा. शनिवारवाड्याच्या भिंतीबाहेर त्या पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडकं अडकवून फिरावं लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये लिहून ठेवलं आहे. मस्तानीच्या मुलाची मुंज नाकारणारा हात आणि ते मडकं अडकवणारा हात एकच आहे. वाड्यातल्या प्रेमकथेला हा हात कधीच पूर्ण दिसत नाही. तिला कोपिष्ट आई दिसते, हट्टी भाऊ दिसतो, कर्मठ भिक्षुक दिसतात, आणि सगळ्यात शेवटी नियती दिसते. नियती आली की गुन्हेगार सुटतो.

आणि वाचक तरी हे 'फक्त कादंबरी' म्हणून वाचतात का? २०१५ साली सिनेमाच्या वेळी पुण्यात निदर्शनं झाली, काही खेळ रद्द करावे लागले. राग कशाचा होता? मस्तानीला कैदेत टाकलं याचा? तिच्या लेकराची मुंज नाकारली याचा? नाही. काशीबाई आणि मस्तानी एका गाण्यात एकत्र नाचताना दाखवल्या, याचा! पेशव्यांच्या घरची बाई नाचली हा अपमान. पेशव्यांच्या घराने एका बाईला कोंडून ठेवलं, हा मात्र इतिहास. अपमान कशाला म्हणायचं हेसुद्धा जात ठरवते.

याच वर्षांतला आणखी एक हिशोब मांडून ठेवतो. 'स्वामी' १९६२ ची, बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. 'राऊ' १९७२ ची, नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' १९७२ चं, दलित पँथरची स्थापनाही १९७२ ची. म्हणजे मराठीत एकाच वेळी दोन पुस्तकं लिहिली जात होती. एक वाड्यात मेणबत्ती लावत होतं, दुसरं वाड्याबाहेर काय चाललंय त्यावर टॉर्च मारत होतं. महात्मा फुल्यांनी १८८५ सालीच मराठी ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण नाकारताना हेच सांगितलं होतं, की ज्या ग्रंथांत आमच्या दुःखाचा मेळ बसत नाही त्यांच्याशी आमचं काय देणंघेणं? त्यानंतर शंभर वर्षांनीही घराघरात पोचली ती मेणबत्तीच.

आता आपल्या जिल्ह्यात या.

२८ एप्रिल. रावेरखेडीला बाजीराव मेला ती तारीख. २०१४ साली त्याच तारखेला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात बारावीच्याही पुढे न पोचलेल्या, सतरा वर्षांच्या आपल्या एका पोराला मारून झाडाला टांगलं. कारण काय, तर सवर्ण मुलीशी बोलला. ज्या खर्ड्याच्या विजयाचं कौतुक पेशवाईच्या प्रत्येक पुस्तकात आहे, तेच हे खर्डा. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्याआधी १ जानेवारी २०१३ ला नेवासा तालुक्यात सोनईला मेहतर समाजाच्या तीन तरुणांना ठार मारलं. तिथेही प्रेमसंबंधच. त्या खटल्यात जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. तारखा योगायोगाच्या आहेत. कारण मात्र एकच आहे, आणि ते १९१६ सालीच लिहून ठेवलेलं आहे.

मस्तानीवर हळहळणारा महाराष्ट्र खर्ड्याच्या वेळी का हळहळला नाही? मला याचं उत्तर त्या कादंबऱ्यांच्या रचनेतच दिसतं. ऐतिहासिक प्रेमकथेत प्रेमाला परवानगी पराक्रमातून मिळते. बाजीराव अजिंक्य आहे म्हणून त्याचं प्रेम भव्य आहे. माधवराव कर्तबगार आहे म्हणून रमाबाईचं जळणं भव्य आहे. आधी चाळीस लढाया जिंका, मग जातीबाहेर प्रेम करा, मग आम्ही तुमच्यासाठी रडू! खर्ड्याच्या पोराने कुठली लढाई जिंकली होती? तो शाळेत जात होता, एवढंच. त्याच्यासाठी रडायला मराठी वाचकाला कोणी शिकवलंच नाही.

इथे एक गोष्ट आपल्यालाही ऐकावी लागेल. या कादंबऱ्यांना उत्तर म्हणून आपल्यातले काही तरुण आपलीही वीरगाथा उभी करायला निघाले आहेत. शिदनाकावर, कोरेगावच्या सैनिकांवर रील, गाणी, पोस्टर. तो इतिहास सांगितलाच पाहिजे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्वतः कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले. पण त्याच वर्षी महाडला त्यांनी काय सांगितलं? आम्ही शूर आहोत म्हणून पाणी द्या, असं नाही सांगितलं. आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला तळ्यावर जायचं, असं सांगितलं. पराक्रमाच्या दाखल्यावर माणुसकी मागायची हा पेशव्यांचा हिशोब आहे. आपण नायकाची जात बदलली आणि हिशोब तोच ठेवला, तर खर्ड्याचा पोरगा आपल्याही कादंबरीत बसणार नाही.

मग कशी कादंबरी हवी? अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) समोर आहे. तीही शौर्याची गोष्ट आहे, पण तिथे शौर्य भुकेतून येतं आणि उपाशी वस्तीसाठी खर्च होतं. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. आपल्या जिल्ह्यालाही असं लिहायला विषय कमी नाहीत. ज्या अहिल्याबाईंचं नाव आता जिल्ह्याला दिलं, त्यांचं चौंडी खर्ड्याच्याच तालुक्यात आहे. १७५४ साली नवरा मेला तेव्हा सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिलं नाही, असं चरित्रकार सांगतात. ती चितेवर न गेलेली विधवा पुढे जवळपास तीन दशकं राज्य करते. आणि त्याच अहिल्याबाईंना १७९१ साली स्वतःच्या मुलीला, मुक्ताबाईला, सती जाण्यापासून अडवता आलं नाही. राज्य हातात असलेली आई प्रथेपुढे हरली. थेऊरच्या चितेवर फुलं वाहण्यापेक्षा ही गोष्ट सांगणं किती तरी अवघड आणि किती तरी खरं आहे. जिल्ह्याच्या पाटीवर नाव बदललं, पण चितेवर न जाण्याचा हा वारसा कोणी सांगतं का?

शेवटी व्यवहाराचं बोलू, कारण प्रेम करणारी पोरं पुस्तकात राहत नाहीत, आपल्या शेजारी राहतात. समाजकार्य करताना अशी जोडपी भेटतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते, आणि त्या तीस दिवसांत पोरीचा भाऊ, मामा, गावचा पुढारी सगळे जागे होतात. २७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने 'शक्ती वाहिनी' खटल्यात स्पष्ट सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप, जमाव, नातेवाईक कोणालाही आडवं येता येणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष हवेत, सुरक्षित निवारा हवा. आपल्या जिल्ह्यातला तो कक्ष कुठे आहे, फोन कोण उचलतं, हे आपल्या प्रत्येक शाखेला पाठ असलं पाहिजे. आणि हे लक्षात ठेवा, की याच राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समिती नेमली. एका हाताने आंतरजातीय लग्नाला पन्नास हजारांचं अनुदान, दुसऱ्या हाताने आजच्या मस्तानीवर पाळत!

आणि दुसऱ्याच्या वाड्याकडे बोट दाखवून झालं असेल तर आपल्या मांडवातही डोकावू. आपल्या वधू-वर मेळाव्यात आजही "पोटजात कोणती?" हा प्रश्न हळूच विचारला जातो की नाही? बौद्ध मुलाने मातंग मुलगी आणली, चर्मकार मुलाने बौद्ध मुलगी आणली, तर किती घरांत जेवणाचं ताट वाढलं जातं? १९५६ ला दीक्षाभूमीवर आपण देव सोडले, पण सोयरिकीची वही सोडली का? १९३६ सालीच बाबासाहेबांनी सांगितलं, की जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे. १५ एप्रिल १९४८ ला स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह करून त्यांनी तो आचरणातही आणला. आपण त्या लग्नाचा फोटो लावतो, पण आपल्या लेकीला ती मोकळीक देतो का?

म्हणून एक साधा कार्यक्रम सुचवतो. येत्या २८ एप्रिलला आपापल्या विहारात अभ्यासवर्ग ठेवा. 'राऊ' आणि १९१६ चा निबंध दोन्ही आणा. ज्यांना कादंबरी आवडते त्यांनाच आधी बोलू द्या, त्यांची टिंगल करू नका. मग तीन प्रश्न विचारा. या गोष्टीत कोणाचं प्रेम मोजलं गेलं? खलनायक माणूस आहे की नियम? भिंतीबाहेर कोण उभं होतं? चर्चा संपली की खर्ड्याच्या पोरासाठी दोन मिनिटं उभे राहा. आणि घरी जाण्याआधी प्रत्येक आई-बापाने बाकीच्यांसमोर सांगावं, की माझ्या मुला-मुलीने जातीबाहेर जोडीदार निवडला तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन, उभी राहीन.

किती जण सांगतील, ते मोजा.

जय भीम!